डावी बाजू तत्सम

शस्त्र घडवणारा माणूस हा एक प्रकारचा ऋषीच असतो. तो एकांतात बसतो, तहानभूक विसरतो, आणि त्याच्या तपातून जे निघतं त्याने पुढच्या पिढ्यांचं रक्षण होतं. हा विचार नेमबाजांचा स्वतःचा होता आणि तो ते दुपारच्या चहाला सांगत. सांगण्यापूर्वी कानातले कापसाचे बोळे काढत. बोळे सकाळी घरून निघतानाच घातलेले असत. कारण कुठेही ‘धडाम्’ झालं की नेमबाजांचे डोळे गच्च मिटत, खांदे कानाला टेकत आणि हातात जे असेल ते खाली पडे. ते शस्त्रसंशोधन केंद्राच्या बंदूक विभागाचे प्रमुख होते. आयुष्यात त्यांनी एकही गोळी झाडलेली नव्हती. ‘नेमबाज’ हे नाव त्यांना शेजारच्या वाहन विभागाने ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की नवा शिपाई आत येऊन त्यांनाच विचारी, “नेमबाजसाहेब कुठे भेटतील?”

वाहन विभागाचे प्रमुख म्हणजे नेमबाजांचे मेहुणे, बायकोचे सख्खे थोरले भाऊ. दोन्ही विभाग एकाच लांबलचक शेडमध्ये होते. मध्ये पत्र्याची भिंत होती आणि भिंतीला दार होतं. दाराला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या आणि दोन्ही कड्या लावलेल्या असत. नातं जुळलं त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कोण आधी बसलं यावरून काहीतरी झालं होतं. काय झालं होतं हे आता दोघांनाही आठवत नव्हतं, पण राग मात्र नीट तेलपाणी करून ठेवलेला होता.

सैन्याला हवी होती चिलखती गाडीच्या टपावर बसवायची एक मशीनगन. मागणी साधी होती. टपाला एक गोल भोक असावं, त्यातून एका माणसाने कमरेइतकं वर यावं, भोकाभोवतीच्या फिरत्या कड्यावर बसवलेली बंदूक हवी तिकडे वळवावी आणि झाडावी. एखाद्या शहाण्या केंद्रात बंदूकवाले आणि गाडीवाले एका टेबलाशी बसले असते. इथे बंदूक भिंतीच्या अलीकडे वाढली, गाडी पलीकडे वाढली. गाडीचा टप कसा असेल हे नेमबाज अंदाजाने धरत, बंदूक कशी असेल हे मेहुणे अंदाजाने धरत, आणि दोघांचे अंदाज एकमेकांबद्दलच्या मतांवर आधारलेले होते.

बंदूक घडायला एक तप लागलं. पहिला नमुना दोन-तीन गोळ्या झाडून रुसून बसे. दुसऱ्याचा दोष उलटा होता: घोडा सोडला तरी तो थांबत नसे. पट्ट्यातली शेवटची गोळी संपेपर्यंत चाचणीचा हवालदार हात मोकळे सोडून शेजारी उभा राही, जसं एखाद्या भांडकुदळ नातेवाइकाचं बोलणं संपण्याची वाट पाहत उभं राहावं. तिसरा नमुना झाडायचा तेव्हा झाडे आणि थांबायचा तेव्हा थांबे; फक्त त्याच्या तापलेल्या पुंगळ्या चाचणीसाठी घेतलेल्या जुन्या गाडीच्या भोकातून आत पडत आणि नेमक्या चालकाच्या कॉलरमध्ये शिरत. चालक गाडी चालवता चालवता नाचू लागला. ‘चालकाच्या हालचालींत लक्षणीय उत्साह दिसून आला,’ असं नेमबाजांनी अहवालात नोंदवलं.

त्यावर उपाय म्हणून पुंगळ्या झेलायला बंदुकीखाली पिशवी लावायचं ठरलं. पिशवी नेमबाजांच्या बायकोने घरच्या जुन्या पडद्याची शिवून दिली. पडद्यावर निळी फुलं होती. आरेखकाने समोर दिसलं ते इमानाने उतरवून घेतलं, आराखडा मंजूर झाला, आणि पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक बंदुकीच्या पोटाशी निळ्या फुलांची पिशवी लोंबू लागली. सैन्यातल्या कुणीतरी विचारलं, फुलं कशासाठी? उत्तर गेलं, शत्रूला झुडूप वाटावं म्हणून.

हे सगळं एकवेळ चालून गेलं असतं. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

चाचणीचं मैदान केंद्राच्या मागे होतं. त्याच्या डाव्या अंगाला झाडांची रांग होती, म्हणून पाहुण्यांचा मांडव तिथे होता, सावलीला. पाहुणे म्हणजे मंत्रालयातले, सैन्यातले आणि त्यांची मुलंबाळं. केंद्राचा पहिला नियम असा, की नळीचं तोंड पाहुण्यांकडे कधीही वळता कामा नये. नियम अगदी शहाणपणाचा होता. पण पाहुणे यायचे सणासुदीसारखे, आणि खुर्च्या मात्र बारा महिने मांडलेल्या. एकदा हवालदाराने विचारलं होतं, “साहेब, मांडवात कुणी नाही. जरा डावीकडे वळवून बघू का?”

“खुर्च्या आहेत ना?” नेमबाज म्हणाले.

“आहेत.”

“मग पाहुणे आहेत असंच धरायचं. आज रिकाम्या खुर्चीकडे वळवलीत तर उद्या हाताला सवय लागेल.”

तेव्हा बंदूक समोर झाडली गेली, उजवीकडे झाडली गेली, चढावर, उतारावर, चिखलात, धुळीत झाडली गेली. डावीकडे ती एकदाही वळली नाही. अहवालात उजव्या बाजूच्या परीक्षेची पानंच्या पानं असत आणि सर्वांत खाली एक ओळ असे: ‘डावी बाजू तत्सम.’ कुठल्याही वस्तूच्या दोन बाजू सारख्याच असतात, याबद्दल केंद्रात कुणाला शंका नव्हती. ज्यांना होती त्यांची बदली झाली होती.

अखेर प्रात्यक्षिकाचा दिवस आला. मेहुण्यांची गाडी आणि नेमबाजांची बंदूक आदल्याच आठवड्यात एकमेकांवर बसवली होती, तीही दोन्ही विभागांची माणसं पाळीपाळीने येऊन, म्हणजे समोरासमोर गाठ पडू नये. मांडवात जनरलसाहेब मधल्या खुर्चीत बसले. जनरलसाहेबांना एका कानाने कमी ऐकू येई आणि दुसऱ्या कानाने ते ऐकत नसत. त्यांच्या मागच्या रांगेत नेमबाजांचा जावई होता, सैन्यातला तरुण अधिकारी. या नव्या गाड्यांची पहिली तुकडी त्याच्याच हाती जाणार होती. नेमबाजांची मान त्या दिवशी इतकी ताठ होती की कापसाचे बोळे दिसत होते.

हवालदाराने उजवीकडची सगळी लक्ष्यं उडवली. धूर निवल्यावर जनरलसाहेब म्हणाले, “छान. आणि डावीकडे?”

“तत्सम, साहेब,” नेमबाज म्हणाले.

“हो ना. दिसतंच आहे.” आणि त्यांनी बंदुकीचं नाव जाहीर केलं: ‘दशदिशा’.

प्रत्येक बंदुकीवर एक पितळी पट्टी ठोकली जाणार होती आणि त्या पट्टीवर ‘रचना’ या शब्दापुढे नेमबाजांचं खरं नाव कोरलं जाणार होतं. ते नाव खुद्द बायकोनेही बऱ्याच दिवसांत कुठे वाचलं नव्हतं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. बंदूक सैन्यात गेली की पट्टी कायमची. मात्र दुरुस्तीसाठी परत आली, तर ती पुन्हा बाहेर पडेपर्यंत खुर्चीत दुसराच कुणी असेल आणि पट्टीवर नाव त्याचं लागेल, हा केंद्राचा रिवाज. नेमबाजांना हा रिवाज चांगलाच ठाऊक होता. त्यांच्या आधीच्या प्रमुखांनी घडवलेल्या दोन बंदुकांवर आता नेमबाजांचंच नाव होतं.

जावयाची तुकडी सीमेवर जायची होती. जाण्याआधी एका रविवारी तो आणि लेक जेवायला आले. जावयाचं जेवणात लक्ष नव्हतं. सासूने दोनदा वाढलं, दोनदा ‘नको’ म्हणाला, आणि मग एकदम म्हणाला, “बाबा, एक दाखवू का?”

“दाखवा ना, जावईबापू.”

त्याने पावाची ताटली पुढे ओढली. “ही गाडी. मधोमध हे भोक, त्यात माणूस उभा. हे भोकाचं झाकण.” भाजलेल्या पावाचा एक तुकडा त्याने ताटलीच्या डाव्या कडेला उभा केला आणि बोटाने धरून ठेवला. “झाकण उघडलं की डावीकडे असं ताठ उभं राहतं. उघडल्याशिवाय माणूस वर येऊ शकत नाही. बरोबर?”

“बरोबर. पुढे?”

“हा चमचा म्हणजे बंदूक. आणि तिच्या डाव्या अंगाला गोळ्यांची पेटी.” त्याने मिठाची बाटली चमच्याला लावून धरली. “आता उजवीकडे वळवतो.” चमचा आणि बाटली उजवीकडे झकास वळली. “आता डावीकडे.”

बाटली पावावर आपटली. पाव आडवा झाला.

सगळ्यांनी आडव्या पावाकडे पाहिलं. मग बायको म्हणाली, “मग पाव काढून मागच्या बाजूला ठेवा की.”

तपभरात या बंदुकीविषयी इतकं मुद्देसूद कुणी बोललं नव्हतं. म्हणूनच तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

“चमच्याचं असं होतं,” नेमबाज म्हणाले. “बंदूक म्हणजे चमचा नव्हे.”

“मी बंदुकीवरच करून पाहिलं, बाबा. सगळ्या गाड्यांवर. बोटभर वळते आणि ठाण्णकन थांबते.”

“पण प्रात्यक्षिकात...”

“प्रात्यक्षिकात डावीकडे आम्ही बसलो होतो.”

लेक बापाकडे बघत होती. “म्हणजे बाबा, डावीकडून कुणी आलं तर यांनी काय करायचं?”

“डावीकडून कशाला कोण येतंय?”

“आपल्याला डावीकडे वळता येत नाही हे त्यांना कळलं तर तिकडूनच येतील ना!”

“ते त्यांना कळवणार कोण?” नेमबाज म्हणाले आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास रिकामा होता. तरी ते बराच वेळ पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत नेमबाज शेडमधल्या नमुन्याच्या गाडीवर चढले. बंदुकीत गोळी नव्हती, तरी त्यांनी बोळे तपासून घेतले. झाकण उघडलं, भोकात उभे राहिले, बंदूक डावीकडे ढकलली. ठण्ण. पुन्हा ढकलली. ठण्ण. बोळ्यांतूनही स्पष्ट ऐकू आलं. मग ते खाली उतरले, पत्र्याच्या भिंतीपाशी गेले, आपल्या बाजूची कडी काढली आणि दार वाजवलं. बऱ्याच वेळाने पलीकडची कडी निघाली.

“या, भावोजी,” मेहुणे म्हणाले. “वाट चुकलात?”

“मेहुणे, तुमचं झाकण माझ्या पेटीला लागतंय.”

“असं? मला वाटलं तुमची पेटी माझ्या झाकणाला लागतेय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“बसवलं त्याच दिवशी आमच्या मुलांनी सांगितलं. म्हटलं, भावोजी ऋषी आहेत, त्यांना अंतर्ज्ञानाने कळेलच.”

नेमबाजांनी हे गिळलं. आवंढा मोठा होता. “बिजागरी मागच्या बाजूला लावायला किती वेळ लागेल?”

“झाकणाच्या? एका गाडीला एक दुपार. तीही चहा धरून.”

“मग लावा की!”

“लावतो. तुम्ही फक्त लिहून द्या की गाडी निर्दोष होती आणि बंदुकीच्या सोयीसाठी बदल केला.”

“म्हणजे दोष बंदुकीचा?”

“मी कुठे म्हणतो? तुम्ही लिहून देणार आहात.”

“आणि माझी बंदूक परत यावी, माझी पट्टी निघावी! वा रे वा! तुम्हीच लिहून द्या की झाकण चुकीच्या बाजूला होतं.”

“माझ्या झाकणाला नावं ठेवायची नाहीत, भावोजी. झाकण आधी झालं, पेटी नंतर.”

“पेटी उजवीकडे न्यायची म्हणजे अख्खी बंदूक आरशात बघून पुन्हा काढायची! नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं.”

“अंगण माझं आहे, नाचताय तुम्ही.” मेहुण्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. “हे पाहा, उजवीकडूनच पूर्ण फेरी मारून डावीकडे यायचं. काय बिघडतं?”

“तेव्हा नळीसमोर तुमचं झाकणच येतं!”

“मग जरा सांभाळून झाडायचं.”

“त्या गाडीत माझा जावई बसणार आहे, मेहुणे!”

“माझाही भाचजावई आहे तो,” मेहुणे म्हणाले. हे म्हणताना त्यांचा चेहरा जरा उतरला. त्या क्षणी दोघांपैकी एकाने ‘बरं, माझं चुकलं’ एवढंच म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथे संपली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही अजून शाबूत होता. दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या.

घरी बायकोने दोघांनाही फैलावर घेतलं; नवऱ्याला समोर, भावाला फोनवर. “दादा, एक झाकण आणि एक पेटी. मी दोन मुलांच्या शाळेच्या डब्यांवरून यापेक्षा मोठी भांडणं मिटवली आहेत. तुम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे घोडे, आणि मध्ये माझ्या पोरीचं कपाळ!” भावाने ‘भावोजींनी लिहून द्यावं’ म्हटलं. नवऱ्याने ‘तुझ्या दादाने लिहून द्यावं’ म्हटलं. तिने फोन आपटला आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, ऋषी शाप तरी देतात. तुम्हाला तेही जमत नाही.”

नेमबाजांना रात्री झोप लागेना असं झालं नाही. झोप लागली, आणि सकाळी उठताना युक्ती सुचलेली होती. बंदूक बदलायची नाही, गाडी बदलायची नाही. मग उरलं काय? उरलं युद्ध. युद्धच थोडं बदलून घ्यायचं.

ते जनरलसाहेबांकडे गेले. दोष वगैरे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. म्हणाले, “साहेब, दशदिशेच्या पूर्ण क्षमतेचा लाभ घ्यायचा तर एक शिस्त हवी. शत्रू सदैव आपल्या उजव्या हाताला ठेवावा.”

जनरलसाहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्यांना कवायत आवडे आणि त्यात कुणाचा कुठला हात कुठे असावा हा तर त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. “उजव्या हाताला. सदैव. यात एक रुबाब आहे.”

“आहेच, साहेब.”

आठवड्याभरात तो स्थायी आदेश झाला. सैन्याच्या शाळेत त्यावर तास सुरू झाले, एका कर्नलने ‘दक्षिणहस्त सिद्धांत’ असं भारदस्त नाव दिलं आणि त्यावर व्याख्यान देताना एवढा रंगला, की डाव्या बाजूने येणारा शत्रू हा युद्धशास्त्रदृष्ट्या मागासलेला असतो असं सिद्ध करून बसला. नेमबाज पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होते. पट्टी वाचली होती. आणि जावई? जावयाचीही सोय झालीच की, असं त्यांनी मनाला सांगितलं. शत्रू उजवीकडे असेल, बंदूक उजवीकडे वळते. यात धोका कुठे आहे?

सीमेवरचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने जाई. जाताना समोरच्यांची टेकडी उजव्या हाताला असे, तेव्हा सगळं सिद्धांताप्रमाणे. मात्र परत येताना तीच टेकडी डाव्या हाताला येणार. आदेशात तर ‘सदैव’ लिहिलेलं. वरिष्ठांना विचारलं, तर उत्तर आलं: ‘सदैव म्हणजे सदैव.’ मग उपाय एकच उरला. गाड्या जायच्या सरळ आणि परत यायच्या उलट्या, रिव्हर्स गिअरमध्ये, त्याच वळणांवरून, टेकडी इमानाने उजव्या हाताला ठेवून.

पहिल्या फोनवर जावई हसत होता. “बाबा, समोरच्या चौकीतली माणसं आमची वाट बघतात. आम्ही उलटे यायला लागलो की स्टुलं घेऊन बाहेर येऊन बसतात.”

“घाबरले असतील,” नेमबाज म्हणाले.

“टाळ्या वाजवतात. त्यांच्यातला एक जण तर वळणावर उभा राहतो आणि शिट्टी मारून हात करतो. ‘येऊ द्या, येऊ द्या... जरा डावीकडे... बस, बस!’ ट्रक मागे घेताना करतात तसं. आमच्या चालकांना त्याचा फार आधार वाटतो.”

“शत्रूचं ऐकून गाडी चालवता?”

“चालकाला मागचं दिसत नाही, बाबा, आणि टपावरच्याने टेकडीवरून नजर हलवायची नाही.”

पुढच्या फोनवर तो हसत नव्हता. चालकांच्या माना आखडल्या होत्या. अर्धी तुकडी गळ्याला पट्टे बांधून फिरत होती आणि कुणी हाक मारली तर सगळे अंगासकट वळत. त्याने वर कळवलं होतं: एक तर झाकण हलवा, नाहीतर आदेश. वरून पट्टे आले, जास्तीचे.

लेकीने बापाला गाठलं. या वेळी ती जेवायला आली नव्हती. दारातच उभी राहून बोलली. “बाबा, मामाला मी विचारलं. एका दुपारचं काम आहे म्हणाला. तुम्ही एक ओळ लिहायची आहे.”

“ती ओळ म्हणजे माझं अख्खं आयुष्य आहे, बेटा.”

“आणि ते उलट्या गाडीत बसलेत ते कुणाचं आयुष्य आहे?”

नेमबाजांनी त्यावर आकडेवारी सांगितली. दशदिशा सेवेत आल्यापासून डाव्या बाजूने एकही हल्ला झालेला नव्हता. उजव्या बाजूनेही झालेला नव्हता, पण ते त्यांनी सांगितलं नाही. लेक वळली आणि चालती झाली. नेमबाजांना वाईट वाटलं. मग टपाल आलं आणि वाईट वाटायचं राहून गेलं: दशदिशेच्या देदीप्यमान सेवेबद्दल तिच्या रचनाकाराचा जाहीर सत्कार होणार होता. जनरलसाहेबांच्या हस्ते, मानपत्र, शाल. सीमेवरच्या बंदुकाही व्यासपीठाशेजारी रांगेने मांडणार होते. नेमबाजांनी नवा सूट शिवायला टाकला. मेहुण्यांनाही निमंत्रण होतं, मागच्या रांगेतलं.

आणि तिथेच माशी शिंकली. सत्काराला थोडेच दिवस उरले असताना सीमेवरून फोन आला. तुकडी नेहमीप्रमाणे उलटी परत येत होती. वळणावर समोरचा शिट्टीवाला नव्हता. तो रजेवर गेला होता. सर्वांत मागची, म्हणजे येताना सर्वांत पुढची, गाडी जावयाची. ती वळण सोडून सरळ मागे गेली आणि बुडावर नाल्यात बसली. जावई टपावर अर्धा बाहेर उभा होता, आदेशाप्रमाणे टेकडीकडे तोंड करून. तो उडून दगडांवर पडला. मांडीचं हाड मोडलं. जिवावरचं पायावर निभावलं. नाल्यातून त्याला वर काढायला पहिल्यांदा धावून आले ते समोरच्या टेकडीवरचे, त्यांना जवळ पडत होतं.

रुग्णालयाच्या त्या खोलीत नेमबाज आणि मेहुणे एकाच वेळी शिरले. दारात थोडं अडकले, कारण कुणीच आधी कुणाला जाऊ देईना. जावई पलंगावर होता, पाय वजनं लावून वर टांगलेला. लेक उशाशी बसली होती. तिने बापाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याच्या भांड्यात फडका पिळू लागली. बायको खिडकीशी होती. तिने नवरा आणि भाऊ दोघांनाही ‘या’ म्हटलं नाही.

“फार दुखतंय का, जावईबापू?” मेहुण्यांनी विचारलं.

“आता बरं आहे, मामा.”

“गाडी शाबूत आहे म्हणे. नाल्यात पडून एक पत्रा वाकला नाही. मी चिलखत काय उगाच जाड ठेवलं होतं?”

“गाडी शाबूत!” नेमबाज उसळले. “गाडी नाल्यात कुणाच्या झाकणापायी गेली? जावईबापू, तुम्ही सांगा. एवढ्या आपटीनंतरही माझी बंदूक कड्यावरून तसूभर हलली नसेल. हलली का? खरं सांगा. चौकशी समितीत ही गोष्ट येणं फार महत्त्वाचं आहे, परवा सत्कारातही सांगता येईल.”

“अहो,” खिडकीशी बायको म्हणाली. एवढंच म्हणाली.

“थांब गं. हा शास्त्रीय प्रश्न आहे.”

“पेटी फुटली असणार,” मेहुणे म्हणाले. “पैज लावतो. झाकणावर आपटून पेटी फुटली आणि गोळ्या नाल्यात.”

“माझी पेटी फुटत नाही!”

“बाबा,” जावई म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, पण नीट ऐकू येत होता, कारण घाईत निघालेल्या नेमबाजांनी आज बोळे घातले नव्हते. “बंदूक नव्हती.”

“नव्हती म्हणजे? पडली?”

“गाडीवर नव्हतीच. कुठल्याच गाडीवर नव्हती. त्या आठवड्यात सगळ्या उतरवून नेल्या होत्या.”

नेमबाजांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी नेमबाजांकडे पाहिलं. “मग तुम्ही उलटे का येत होता?” दोघांनी एकदमच विचारलं. कुठल्याही बाबतीत दोघांचं एकमत झाल्याची ती पहिलीच वेळ.

“आदेश गाडीला आहे, बाबा,” जावई म्हणाला. “बंदुकीला नाही. मी विचारलं होतं. सदैव म्हणजे सदैव, म्हणाले.”

लेकीने फडका त्याच्या कपाळावर ठेवला. बंदुका सत्कारासाठी रंगवायला गेल्या होत्या.